सुकाणू भरकटणे
सरळ रस्त्यावर मोटारगाडी डावी-उजवीकडे सरकत राहून चालकास सुकाणू चक्र सतत सावरावे लागणे, हा दोष. सोलापूरवरून जाणाऱ्या पुणे–हैदराबाद महामार्गावर वेगाने धावणाऱ्या जुन्या बसमध्ये वा निवासी मोटारगाडीत तो घातक ठरतो. निदानासाठी प्रथम टायरांतील हवेचा दाब मोजतात; सोलापूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या टायरचे माप फसवे असल्याने तो टायर थंड असताना मोजावा लागतो. मागील आसामागे भार जास्त असल्यास पुढील चाकांची पकड घटते. नंतर चाके जमिनीवर ठेवून एकजण चक्र थोडे हलवितो व दुसरा टाय-रॉडचे सांधे आणि सुकाणू पेटी यांतील ढिलाई पाहतो. किंगपिनची झीज चाक उचलून तपासतात. चाकांचे संरेखन शेवटी करतात. झिजलेले सांधे न बदलता पेटीच आवळल्यास चक्र जड होते. दोष मात्र तसाच राहतो.