चुलीवरचे दूरदर्शन

मराठी भाषेने चुलीचे जेवढे कौतुक केले आहे तेवढे घरातल्या दुसऱ्या कोणत्या वस्तूचे क्वचितच केले असेल. संसार थाटायचा म्हणजे चूल मांडायची; भावाभावांत पटेनासे झाले की वेगळी चूल करायची; शेजारच्या घरातली कुरबूर कानांवर आली की ‘घरोघरी मातीच्या चुली’ असे म्हणून सुस्कारा सोडायचा; आणि बाईचे जग केवढे असे कोणी विचारलेच, तर ‘चूल आणि मूल’ एवढे दोन शब्द तोंडावर फेकून मोकळे व्हायचे! ‘दूरदर्शन’ हा शब्द त्या मानाने अगदी कालचा. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले, आणि १९८२ साली पडद्याला रंग चढले. चूल आणि दूरदर्शन हे दोन शब्द एकाच वाक्यात येण्याचा योग माझ्या मराठीच्या तासाला कधी आला नाही. तो आला माझ्या थोरल्या ताईच्या घरी, भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यात.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. हलक्या धानाची कापणी चालू होती. भाच्याने आपल्या फोनमध्ये मला एक चित्र दाखवले. परदेशातली एक ऐसपैस बैठक. भिंतीशी लोखंडी शेगडी, काचेच्या दारामागे लाकडांचा जाळ. आणि तिच्या वर, भिंतीत जडवल्यासारखा दूरदर्शनचा पातळ पडदा. वायरीचा कुठे मागमूस नाही.

“मामाजी, आपल्याबी चुलीच्या वरची भिंत रिकामीच हाये ना! तेथंच टीव्ही लावतो म्हणतो.”

मी हसलो नाही, कारण त्याच्या म्हणण्यामागचे कारण मला ठाऊक होते. त्या घराची रचना आपल्याकडच्या जुन्या घरांसारखीच आहे. पुढे ओसरी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर. तिघांची दारे एका रेषेत. दूरदर्शन ओसरीवर. तिथे भाऊजी बसतात, त्यांचे सोबती बसतात, क्रिकेटचा सामना असला की अर्धी गल्ली बसते. ताई मागे चुलीशी. घरात गॅस आहे, नाही असे नाही. पण सिलिंडर पुरवून वापरायचा असतो. आंघोळीचे पाणी, रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत मजुरांचा भात, मंडईच्या पाहुण्यांचा स्वयंपाक, हे सारे चुलीवरच होते. बांधावरच्या तुरीच्या तुराट्या आणि आवारातले लाकूड यांना पैसे पडत नाहीत.

“मले आवाज येते रे,” ताई एकदा सहज बोलून गेली होती, “तोंडं नाई दिसत.”

वाचकहो, या एका वाक्याने मला पुष्कळ विचार करायला लावला. आमच्या झाडीपट्टीत भाऊबीजेपासून मंडईचे दिवस सुरू होतात. रात्र रात्र नाटके चालतात, दंडार रंगते. बाया चूल विझवून, झाकपाक करून, पोरांना कडेवर मारून नाटकाला जातात. कीर्तन काय, भजन काय, नाटक काय, जुनी करमणूक चूल विझायची वाट पाहत असे. दूरदर्शन ती वाट पाहत नाही. संध्याकाळी सात ते नऊ ही त्याच्या मालिकांची ऐन भराची वेळ, आणि हीच भात शिजायची वेळ! ‘रामायण’ मालिका २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी दाखवू लागले, तेव्हा घरातली सारी माणसे एकाच खोलीत जमत. पण रविवार आठवड्यातून एकदाच येतो. एरवी दूरचे दर्शन घडवणारे हे यंत्र दोन खोल्यांपलीकडच्या बाईला काही दिसत नाही.

तेव्हा भाच्याची इच्छा रास्त होती. चुकली होती ती भिंत.

परदेशातली ती शेगडी म्हणजे चारी बाजूंनी बंद असलेली लोखंडी पेटी. तिचा धूर धुराड्यातून थेट घराबाहेर जातो. तरीसुद्धा तिचे कारखानदार जळाऊ वस्तू शेगडीपासून किती अंतरावर ठेवावी हे छापून देतात, आणि जाणते लोक शेगडी व पडदा यांच्यामध्ये एक जाड फळी बसवतात, म्हणजे वर चढणारी ऊन हवा भिंतीपासून पुढे ढकलली जाते. आपली चूल उघडी. तिचा जाळ भांड्याच्या कडेने वर येतो, आणि धूर खोलीत हिंडून कवेलूंच्या फटींतून सवडीने बाहेर पडतो.

मी भाच्याला दोन साधे प्रयोग करायला सांगितले. चुलीच्या वर, जिथे पडदा यायचा त्याच जागी, एक उष्णतामापक टांगायचा आणि शेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवायचा. मजुरांचा भात शिजेपर्यंत पारा ५० अंशांच्या खुणेपाशी जाऊन बसला. बहुतेक संचांच्या पुस्तिकेत भोवतालच्या हवेची मर्यादा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास दिलेली असते. साध्या वायरीचे प्लॅस्टिकचे वेष्टनही ७० अंशांपर्यंतच्याच उष्णतेसाठी बनवतात. त्यात भंडाऱ्याचा मे महिना म्हणजे चूल न पेटवताच अंग भाजून काढणारा!

कागदाने तर चार दिवसांत कोऱ्या चहाचा रंग धरला. बोट लावले तर चिकट. धूर, फोडणीचे तेल आणि भाताची वाफ यांचे ते मिश्रण. संचाला पाठीमागे जाळीदार भोके असतात, त्यांतून तो श्वास घेतो म्हणा ना. हेच मिश्रण त्या भोकांतून आत जाऊन बारीक जोडण्यांवर बसले, की संच वर्षभर तरी तग धरेल का, याचीच शंका.

आणखी एक गोष्ट होती, ती संचापेक्षा मोलाची. पाटावर बसलेल्या बाईचे डोळे जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर असतात. चुलीच्या वरचा पडदा कितीही खाली आणला तरी पाच फुटांवर जायचा, आणि तोही दोन हातांच्या अंतरावरून बघायचा. मान वर, डोळे वर, आणि पदर जाळापाशी! पडदा बैठकीतल्या डोळ्यांच्या पातळीवर असावा, हा नियम मानेसाठी आहेच. चुलीपाशी तो जिवासाठी आहे.

धुराचा बंदोबस्त करून उष्णता टळत नाही, हेही सांगायला हवे. धुराची नळी असलेली चूल आपल्या विदर्भाला नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांनी जिथे ग्रामोद्योगांचे काम उभारले तिथे, ‘मगन चूल’ तयार झाली. सरकारने १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. २०१६ साली उज्ज्वला योजनेतून गॅस खेड्यांत पोचवण्याची मोहीम सुरू झाली. ताईच्या डोळ्यांसाठी आणि छातीसाठी नळी हवीच, आणि ती भाच्याने या उन्हाळ्यात बसवलीही. पण तिने वरची भिंत थंड होत नाही.

मग संच लावला कुठे? माजघरात एक सागवानी खांब आहे, चांगला वीतभर जाड. घराच्या भिंती मातीच्या, दीड फूट रुंद. त्यांत भोक पाडून गुट्टी ठोकली तर स्क्रूसकट माती हातात येते. ३२ इंची संचाचे वजन चार-पाच किलोच असते, परंतु आडव्या हातावर टांगलेले वजन भिंतीला ओढत राहते. म्हणून त्या खांबालाच आरपार बोल्ट घालून एक जाड फळी बसवली आणि फळीवर डावी-उजवीकडे वळणारा लोखंडी हात. मागे वळवला की पडदा दारातून चुलीकडे. पुढे वळवला की ओसरीकडे.

वायरी लपवण्याची हौस भाच्याला फार होती. मातीचा लेप देऊन त्या भिंतीत पुरून टाकण्याचा त्याचा बेत होता. वायरमनने त्याला बरोबर अडवले. संचाची लवचिक वायर भिंतीत पुरायची नसते; उंदरांनी कुरतडली तर कळतही नाही, आणि शोधायची तर भिंत फोडावी लागते. त्यापेक्षा खांबाच्या मागच्या अंगाने प्लॅस्टिकची केसिंग पट्टी ठोकावी आणि तिला खांबाचा रंग द्यावा. विजेची वायर एका पट्टीत, डिशची वायर दुसरीत, दोहोंमध्ये थोडे अंतर. हात जिकडे जिकडे वळतो तितकी ढील वायरीला ठेवायची, नाही तर आठवड्यात जोड उपटून येतो. प्लग तीन पिनांचा, अर्थिंग खरोखरीचे, आणि बटण ताईचा हात पोचेल असे. डिशची वायर घरात शिरण्यापूर्वी बाहेर खाली झोळ देऊन आणायची, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून घरात न येता झोळापाशी गळून जाते. आणि आकाशात गडगडू लागले की प्लगही काढायचा आणि डिशची वायरही. धानाच्या बांध्यांत वीज पडून माणसे गेल्याच्या बातम्या आमच्या जिल्ह्याला दर पावसाळ्यात वाचाव्या लागतात. तिथे आळस कामाचा नाही.

खर्च झाला तो फळी, लोखंडी हात, पट्ट्या आणि दोघा कारागिरांची मजुरी एवढाच. खरी किंमत वेगळीच निघाली. संच ओसरीवरून आत गेला याचा भाऊजींना राग आला. “आता सोबत्यांनी का माजघरात बसावं?” असे म्हणून ते दोन दिवस घुमे होऊन बसले. भाचा मध्ये पडला. ठरले असे की, चूल पेटलेली असेल तोवर पडदा चुलीकडे, आणि चूल विझली की ओसरीकडे. सामना असला तर मात्र भाऊजींनी आधी विचारायचे. पन्नाशीपुढच्या त्या गृहस्थाने आपल्याच घरात दूरदर्शनसाठी बायकोला विचारावे, ही गोष्ट गल्लीत बरेच दिवस चवीने चघळली गेली!

ही व्यवस्था नेहमी पाळली जाते असे मी म्हणणार नाही. लोखंडी हात तेलपाणी दिल्यावर अलगद वळतो. घरातल्या सवयी तशा वळत नाहीत. परंतु आता पडदा कोणाकडे असावा यावर त्या घरात बोलणे होते. पूर्वी तो प्रश्नच कोणाला पडत नव्हता.

शहरातल्या आपल्या घरांत चूल नाही, धूर नाही. ओट्यावर गॅस आहे. म्हणून हसून पान उलटण्यापूर्वी एवढे करून पाहा. सणाच्या संध्याकाळी बैठकीत सारे घर पडद्यासमोर बसले असेल, तेव्हा उठून ओट्यापाशी उभे राहा आणि तिथून पडदा दिसतो का ते बघा. आवाज येईलच.