तयार धंद्याची विक्री आणि कायदा

तयार माल विकणे वेगळे आणि तयार धंदा विकणे वेगळे. दुसऱ्या व्यवहारात विक्रेता यंत्र, बेणे, पिल्ले, एजन्सी किंवा एखाद्या नावाचा हक्क देतो. पण पैसे मोजले जातात ते पुढच्या उत्पन्नाच्या भरवशावर. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बेरोजगार पदवीधराला ‘अगरबत्तीचे यंत्र घ्या, कच्चा माल आम्ही पुरवू, तयार माल आम्हीच उचलू’ असे सांगितले जाते. शेतकऱ्याला तेच औषधी वनस्पतीच्या बेण्याबद्दल किंवा कोंबडीच्या पिल्लांबद्दल ऐकवले जाते, आणि थोडे भांडवल गाठीशी असलेल्याला फ्रँचायझीबद्दल.

अंजनगाव सुर्जी तालुक्यात पानमळे आणि पानपिंपळी ही जुनी पिके आहेत. पिंपळीचा बाजार लहान, भावही वरखाली होणारा. तरीही वेल देणारा मळेकरी आणि माल घेणारा व्यापारी हे दोघे वेगळे असतात. एकाने भाव पाडला तर दुसऱ्याकडे विचारता येते. खरेदीची हमी देणाऱ्या योजनेत मात्र बेणे विकणारा आणि माल घेणारा एकच असतो. त्याने कबूल केलेल्या भावाला बाहेर गिऱ्हाईक आहे की नाही, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. नसेल, तर जुन्या सभासदांचा माल नव्या सभासदांच्या पैशांतूनच घेतला जाऊ शकतो, आणि नवे सभासद आटले की खरेदी थांबते.

2019 च्या कडकनाथ प्रकरणात हेच दिसले. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही काळी कोंबडी. तिला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या महारयत ॲग्रो कंपनीने शेतकऱ्यांकडून पैसे घेऊन पिल्ले दिली आणि अंडी व पक्षी ठरलेल्या दराने परत घेण्याची हमी दिली. ऑगस्ट 2019 मध्ये डोलारा कोसळला. सांगलीसह अनेक जिल्ह्यांत फसवणुकीचे गुन्हे नोंदले गेले. कोंबडी खरी होती, अंडी खरी होती. त्या दराचा बाजार तेवढा नव्हता. त्याआधी 2012 मध्ये तामिळनाडूत पेरुंदुराईच्या सुसी इमू फार्म्सने इमू पक्ष्यांच्या नावावर जवळपास हाच मार्ग चालून दाखवला होता.

अशा विक्रीसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. फ्रँचायझीसाठीही नाही. म्हणून पहिला आधार 1872 च्या भारतीय करार कायद्याचा. त्याच्या कलम 17 मध्ये कपट आणि कलम 18 मध्ये गैरनिवेदन सांगितले आहे. यांपैकी कशानेही संमती मिळवली असेल, तर कलम 19 नुसार फसलेल्या पक्षाला करार रद्द ठरवून घेता येतो. अडचण पुढे आहे. केवळ गप्प राहणे म्हणजे कपट नव्हे, असे कलम 17 चे स्पष्टीकरण म्हणते. बोलणे हे कर्तव्यच असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. आधीच्या किती जणांनी हा धंदा बंद केला, हे विक्रेत्याने आपणहून सांगितले नाही, तर एवढ्यावरून करार मोडत नाही. शिवाय गैरनिवेदन झाले असले, तरी साध्या चौकशीने खरे कळण्यासारखे होते असे दिसले, तर करार रद्द करण्याचा हक्क जातो. उघड खोटे बोलून केलेल्या कपटाला ही पळवाट मिळत नाही. म्हणून उत्पन्नाचे आकडे तोंडी न घेता लेखी घेणे फार मोलाचे ठरते.

लेखी म्हटले की लोकांचे मन स्टॅम्प पेपरवर जाते, आणि तिथेच मोठा गैरसमज आहे. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून बहुतेक करारनाम्यांना किमान 500 रुपयांचे मुद्रांक शुल्क लागते. हे शुल्क म्हणजे सरकारचा महसूल. मजकुराला दिलेली मान्यता नव्हे. नोटरी सहीची ओळख पटवतो, धंद्याची पारख करत नाही. कंपनीची नोंदणी, जीएसटी क्रमांक, उद्यम प्रमाणपत्र यांपैकी कशातही योजना तपासलेली नसते. कार्यालयाच्या भिंतीवर हे सगळे कागद चौकटीत लावलेले असतात, आणि भोळ्या माणसाला ते परवान्यासारखे वाटतात.

अमेरिकेत स्वतंत्र कायद्याची ही उणीव भरून काढली गेली. कॅलिफोर्नियाने 1970 मध्ये फ्रँचायझीचा कायदा केला. पुढे संघीय व्यापार आयोगाने व्यवसायसंधीच्या विक्रीसाठी वेगळा नियम केला. त्याचे सुधारलेले रूप 1 मार्च 2012 पासून लागू आहे. पैसे घेण्याच्या किंवा सही करून घेण्याच्या किमान सात दिवस आधी विक्रेत्याने एक पानी माहितीपत्रक द्यायचे असते. त्यात त्याच्यावरील खटले, पैसे परत करण्याच्या अटी आणि आधीच्या खरेदीदारांची नावे असतात. ती दहापेक्षा जास्त असतील, तर ग्राहकाच्या जवळच्या किमान दहा जणांची पुरतात. उत्पन्नाचा दावा केला, तर त्याचा आधारही लेखी द्यावा लागतो. जवळच्या दहा जणांची ही अट फार शहाणपणाची आहे. दर्यापूर, अकोट, परतवाड्याच्या दहा जुन्या खरेदीदारांची यादी आधी हातात पडली, तर अंजनगावचा माणूस दोन दिवसांत खरे काय ते पाहून येईल. आपल्याकडे अशी यादी मागता येते, पण ती देण्याची सक्ती कोणावर नाही. ही सक्ती इथेही यायला हवी.

पैसे गेल्यानंतरचा सर्वांत सोपा मार्ग ग्राहक आयोगाचा, पण त्याच्या दारात एक अट उभी आहे. व्यापारी हेतूने केलेली खरेदी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच केलेली खरेदी मात्र बसते. ही रेघ सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या कायद्याखालीच 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात आखली. महाराष्ट्रातल्या या लघुउद्योगाने कोइमतूरच्या संस्थेकडून 21 लाखांचे यंत्र मागवले होते. ते उशिरा आले आणि सदोष निघाले. यंत्राचे स्वरूप आणि समोरचा पुरावा पाहता हेतू व्यापारी आहे, असे न्यायालयाने ठरवले. त्याच निकालात मात्र स्वतः रिक्षा चालवणारा, स्वतः लेथ चालवणारा हे ग्राहकच, आणि मदतीला एक-दोन माणसे ठेवली तरी ते ग्राहकच राहतात, असे स्पष्ट केले. घरच्या माणसांच्या बळावर अगरबत्तीचे एक यंत्र चालवणाऱ्याला हा निकाल तारतो. त्याने तक्रार अमरावतीच्या जिल्हा आयोगात करावी; 2019 च्या कायद्याने तक्रारदाराच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

दुसरा मार्ग ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या 1999 च्या राज्य कायद्याचा, म्हणजे एमपीआयडीचा. त्यात विक्रेत्याची मालमत्ता जप्त करून सक्षम प्राधिकाऱ्याकडे सोपवता येते. ठेवीची व्याख्याही रुंद आहे: परतफेड रोख असो, मालाच्या रूपात असो वा सेवेच्या. पण नेहमीच्या व्यापारात घेतलेली अनामत, डिलरशिपचे डिपॉझिट आणि मालापोटीचा आगाऊ पैसा हा कायदा ठेव मानत नाही, आणि विक्रेत्याचा वकील पहिला आसरा तिथेच घेतो. मग खरा वाद होतो तो मुळात नेहमीचा व्यापार होता का, यावर.

माणसे जोडण्यावर कमाई बेतलेली असेल, तर पैसे फिरवण्याच्या योजनांवरचा 1978 चा बंदी कायदा लागतो, आणि डिसेंबर 2021 च्या नियमांनुसार थेट विक्री करणाऱ्या कंपनीला प्रवेश शुल्कही घेता येत नाही.

राहिला फौजदारी मार्ग. 1 जुलै 2024 पासूनच्या व्यवहारांना भारतीय न्याय संहितेचे कलम 318 लागते. फसवून पैसे काढून घेतल्यास शिक्षा सात वर्षांपर्यंत. मात्र फसवण्याचा इरादा सुरुवातीपासूनच होता हे दाखवावे लागते, नुसता धंदा बुडाला एवढे पुरत नाही. ठाण्यात ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे ऐकावे लागते ते यामुळे. जुन्या सभासदांचे देणे थकलेले असतानाही नव्यांकडून पैसे भरून घेतले जात होते, हे पावत्यांच्या तारखांवरून आणि बँकेच्या उताऱ्यांवरून पुढे आले, तर त्या उत्तराला फारसा आधार उरत नाही.