कुठला टॅग वाचायचा नाही

लेखमाला ‘बिनतारी’ : लेखांक ७

टोलनाक्यावर गाडी थांबते आणि बॅरियर वर जात नाही. मागून हॉर्न सुरू होतात. कर्मचारी येतो, काचेकडे बघतो, ‘जरा मागे घ्या’ म्हणतो, मग ‘थोडी पुढे’. तरीही काही होत नाही तेव्हा हातातलं मशीन काचेजवळ नेतो आणि बॅरियर उठतो. तेवढ्या वेळात गाडीतल्या सगळ्यांचं एकमत झालेलं असतं: मशीन भंगार आहे, रेंजच नाही त्याला. मला हे पटत नाही. रेंज मुद्दामच आवरून धरलेली असते आणि ती किती आवरायची, यातच टॅग वाचण्याच्या या धंद्यातलं खरं कसब आहे.

मागच्या लेखांकात आपण टॅग उघडून पाहिला. फास्टॅगच्या स्टिकरमध्ये बॅटरी नसते. त्याला लागणारी वीज रीडरच, म्हणजे टॅग वाचणारं यंत्रच, हवेतून पुरवतो. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा यासाठी परवानामुक्त आहे. त्यात रीडर अखंड लहर सोडत राहतो. टॅगचा अँटेना तिच्यातली चिमूटभर ऊर्जा उचलतो आणि चिप जागी होते. चिप स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही. अंगावर आदळलेली लहर ती कधी जास्त, कधी कमी परतवते आणि त्या चढउतारातून आपला क्रमांक सांगते. हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित ऊर्जेतून संदेश पाठवण्याची ही कल्पना १९४८ च्या शोधनिबंधात मांडली. तिचा वापर मात्र त्याआधीच झाला होता, तोही हेरगिरीसाठी. १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताला लाकडात कोरलेलं राजचिन्ह भेट दिलं. लिऑन थेरेमिन यांनी त्याच्या पोटात बिनबॅटरीचा मायक्रोफोन दडवला होता. बाहेरून रेडिओलहर सोडली की तो खोलीतलं बोलणं परतवायचा. १९५२ पर्यंत अमेरिकनांना त्याचा पत्ता नव्हता.

आता रीडरची अडचण बघा. तो साधारण एक वॅटची लहर सोडतो. दहा मीटरवरच्या टॅगपाशी तिच्यातले काही दशलक्षांश वॅट पोहोचतात आणि टॅगने परतवलेलं जे रीडरकडे येतं ते पाठवलेल्यापेक्षा अब्जावधी पटींनी दुबळं असतं. शिवाय त्याच वेळी, त्याच फ्रिक्वेन्सीवर रीडरचं प्रक्षेपण चालूच असतं, कारण ते थांबलं तर टॅग झोपतो. विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला पाठ लावून पलीकडच्या फुटपाथवरची कुजबुज ऐकायची, असला हा प्रकार आहे. आपलाच आवाज आपल्या कानातून वजा करणं हे रीडरच्या चिपचं मुख्य काम असतं. ते एका चिपमध्ये बसवायला उद्योगाला बराच वेळ लागला. इंटेलने २००७ मध्ये आर-१००० नावाची अशी चिप आणली आणि पुढच्याच वर्षी तो व्यवसाय सिएटलच्या इम्पिंज कंपनीला देऊन टाकला. आज रीडरच्या चिपांमध्ये इम्पिंजचं नाव सर्वांत आधी घेतलं जातं.

गेल्या वीस वर्षांत टॅगची भूक किती कमी झाली, हेही लक्षात घ्यायला हवं. या टॅगांसाठीचं जेन-२ हे मानक २००४ च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालं. त्यानंतरच्या सुरुवातीच्या चिपांना जागं व्हायला पन्नासाहून अधिक मायक्रोवॅट लागत. आताच्या सर्वोत्तम चिपा तीनच्या आसपास जाग्या होतात. म्हणजे पूर्वी टॅगला वीज पुरेल का, एवढाच प्रश्न असायचा. आता टॅग लांबवर जागा होतो, बोलतोही, पण रीडरला ते ऐकू येईलच असं नाही. संशोधनाचा भार त्यामुळे टॅगकडून रीडरच्या कानाकडे सरकला आहे.

पण कान तिखट झाला की दुसरं दुखणं सुरू होतं. टोलनाक्याच्या लेनमध्ये तुमच्या मागची गाडी दोन-तीन मीटरवर उभी असते आणि शेजारच्या लेनमधला ट्रक त्याहून फार लांब नसतो. रीडरने जोर लावला तर मागच्या गाडीचा टॅग आधी वाचला जाईल, तिचे पैसे कापले जातील आणि बॅरियर तुमच्यासाठी उठेल. म्हणून अँटेना खाली झुकवून ठेवतात, शक्ती कमी करतात आणि लेनमधला एक लहानसा पट्टा तेवढा ‘जिवंत’ ठेवतात. ‘जरा मागे घ्या’ याचा अर्थ एवढाच, की तुम्ही त्या पट्ट्याच्या पुढे गेला आहात.

टॅग वाचला न जाण्यात टॅगधारकाचाही वाटा असतो. फास्टॅगचा अँटेना काचेला चिकटलेला असेल असं धरून बनवलेला असतो. तो हातात धरून दाखवला तर तळहातातलं पाणी लहर शोषतं. डॅशबोर्डवर आडवा ठेवला तर दिशाच चुकते. असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकायचं धोरण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं. काही गाड्यांच्या काचेत उष्णता रोखणारा धातूचा पातळ थर असतो. त्यातून लहर नीट जात नाही, म्हणून कंपनी आरशामागे एक मोकळी चौकट सोडते आणि टॅग तिथेच लावायचा असतो. शिवाय कितीतरी वेळा रीडरने आपलं काम चोख केलेलं असतं, पण खात्यात शिल्लक नसते किंवा केवायसी रखडलेलं असतं. बॅरियर तरीही उठत नाही आणि शिव्या मशीनलाच बसतात.

जाता जाता त्या व्हिडिओबद्दल. गाडीची काच पुसणारा मुलगा मनगटावरच्या घड्याळाने फास्टॅग स्कॅन करून पैसे पळवतो, असा व्हिडिओ २०२२ च्या जूनमध्ये घरोघरच्या ग्रुपवर फिरला. तो खोटा होता. टॅगमध्ये पैसे नसतात, क्रमांक असतो. तो कोणी वाचला तरी नोंदणीकृत टोलचालकाच्या यंत्रणेतून मागणी आल्याशिवाय बँक पैसे सोडत नाही.

नको तो टॅग वाचला जाण्याचं दुखणं गोदामात आणखी वाढतं. भिवंडीसारख्या ठिकाणी माल चढवण्या-उतरवण्याची दारं एकमेकांना चिकटून असतात. तीन नंबरच्या दारातून खोकी बाहेर जातायत आणि चार नंबरवरचा माल, शिवाय भिंतीशी रचून ठेवलेला उद्याचा मालही ‘गेला’ म्हणून नोंदला जातोय, असं झालं तर कागदावरचा साठा आणि प्रत्यक्षातला साठा दोन दिवसांत वेगळे होतात. इथे सॉफ्टवेअर कामाला येतं. लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते. टॅग जवळ येतोय की लांब जातोय, हे परतलेल्या लहरीच्या कलेतल्या बदलावरून कळू शकतं. दोन-चार अँटेनांच्या नोंदी ताडून दिशाही काढता येते. नुसता पडून असलेला टॅग आणि दारातून निघालेला टॅग यांतला फरक सांगणारा रीडर महाग असतो आणि माझ्या मते तेवढे पैसे देण्याजोगा असतो. डेकॅथलॉनच्या दुकानात पैसे देताना कपडे एका टोपल्यात टाकतात आणि क्षणात बिल होतं. तिथेही टोपल्यातलं सगळं वाचायचं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाच्या हातातलं काहीच वाचायचं नाही, हीच मेख आहे.

बाजाराच्या भाकितांकडे वळताना थोडं सावध राहिलेलं बरं. वॉलमार्टने २००३ मध्ये आपल्या शंभर मोठ्या पुरवठादारांना २००५ पर्यंत खोक्यांवर टॅग लावायला सांगितलं, तेव्हा बारकोड संपला असंच बोललं जात होतं. बारकोड काही संपला नाही. टॅग महाग होते, पातळ पदार्थ आणि धातूचे डबे लहरीला दाद देत नव्हते आणि खर्च पुरवठादाराचा, फायदा वॉलमार्टचा, हे गणित कुणाला मान्य नव्हतं. २०१७ मध्ये जपान सरकार आणि तिथल्या पाच मोठ्या कन्व्हीनियन्स स्टोअर साखळ्यांनी २०२५ पर्यंत वर्षाला दहा हजार कोटी वस्तूंवर टॅग लावायचं ठरवलं. टॅग एक येनला मिळावा, ही त्यातली अट होती. तो भाव आला नाही.

तंत्र रुजलं ते कपड्यांत. झाराची मालक कंपनी इंडिटेक्स, युनिक्लो, डेकॅथलॉन यांनी ते आपल्या घरच्या मालावर लावलं. खर्च आणि फायदा एकाच खिशात असल्याने वाद उरला नाही. एकाच शर्टाचे पाच साइझ आणि सहा रंग असले की साठा मोजणं जिकिरीचं होतं आणि कापड लहरीला अडवतही नाही. वॉलमार्ट २०२२ मध्ये पुन्हा पुढे आलं, घरगुती वस्तू आणि खेळण्यांसाठी. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर एव्हरी डेनिसन या लेबल बनवणाऱ्या कंपनीबरोबर मांस आणि बेकरीच्या मालासाठी टॅग जाहीर झाले. मांस म्हणजे पाणीच, त्यामुळे ही बातमी मला इतर सगळ्या आकड्यांपेक्षा मोठी वाटते. रेन अलायन्स या उद्योगसंघटनेच्या मोजणीनुसार या जातीच्या टॅगचिपा २०२३ मध्ये सुमारे ४,४८० कोटी विकल्या गेल्या आणि २०२४ मध्ये ५,२८० कोटी.

रीडरचे असे आकडे देणारे अहवाल पुष्कळ निघतात, पण दोन अहवाल जुळत नाहीत. कुणी ऑफिसच्या दारातली कार्डयंत्रं धरतं, कुणी ग्रंथालयातली १३.५६ मेगाहर्ट्झची, कुणी सॉफ्टवेअरही जोडतं. टॅग दर वस्तूला नवा लागतो, तर रीडर भिंतीवर वर्षानुवर्षं बसून राहतो, हे ध्यानात ठेवलं तरी पुरे. म्हणूनच झेब्रा, हनीवेल किंवा चीनच्या चेनवेसारखे उत्पादक नुसती पेटी विकून थांबत नाहीत. तिच्यासोबत देखभाल आणि सॉफ्टवेअरही विकतात.

वाढ दिसतेय ती भिंतीवरून उतरलेल्या रीडरमध्ये. यूपीएसने पार्सलच्या गाड्यांतच रीडर बसवायला घेतले. चुकीच्या गाडीत पडलेलं खोकं ड्रायव्हर निघण्याआधीच ओरडू लागतं. क्वालकॉमने ऑगस्ट २०२५ मध्ये हातातल्या औद्योगिक उपकरणांसाठी एक प्रोसेसर जाहीर केला, ज्यात हा रीडर आतच आहे. आजवर मोबाइलच्या पाठीला पिस्तुलासारखी मूठ जोडावी लागायची. ती गेली तर दुकानातल्या प्रत्येक पोऱ्याच्या हातात रीडर येईल. मोबाइलचे टॉवरच रीडर व्हावेत, यासाठी ३-जीपीपी या मानकसंस्थेत काम चालू आहे, पण त्यावर आत्ताच पैसे लावावेत असं मला वाटत नाही. तुमच्या गोदामासाठी रीडर घेत असाल तर अमेरिकेतून स्वस्तात मिळाला म्हणून उचलू नका. तिथला पट्टा ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा आहे, इथे तो बेकायदा ठरेल. आणि विक्रेत्याला किती लांबून वाचतो हे विचारून झालं, की शेजारच्या दारातला माल वगळून दाखव म्हणावं, तुमच्याच गोदामात, तुमच्याच मालावर.

आपल्याकडे खरी कसोटी लागणार आहे ती बॅरियर नसलेल्या टोलवर. उपग्रहावर आधारित टोलची चर्चा बरीच झाली, पण सरकारने आधी हात घातला तो फास्टॅग आणि नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे यांच्या जोडीला. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधल्या चोऱ्यासी नाक्यासाठी असा करार झाला. तिथे लेन नाहीत, डोक्यावर कमान आहे आणि गाड्या वेगात खालून जाणार. थांबवून ‘मागे घ्या’ म्हणायची सोय नाही, लेन आखून रेंज आवरायचीही नाही. शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर जाते. तेवढ्यात टॅग वाचायचा, कॅमेऱ्याने टिपलेली नंबरप्लेट त्याच गाडीची आहे हे जुळवायचं आणि ट्रकच्या आडून चाललेल्या मोटारीचा टॅग ट्रकच्या नावावर टाकायचा नाही. कॅमेरा आणि रीडर यांचं एकमत झालं नाही तर काय होतं, नोटीस कुणाला जाते आणि ती चुकीची असेल तर दाद कुठे मागायची, हे पुढच्या आठवड्यात नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांसोबत बघू.