बेअरिंग नवे, तरी चाक का घरघरते?

मालेगावहून कापडाच्या गाठी आणणाऱ्या आमच्या गाडीचे पुढचे बेअरिंग बदलले, आणि चौथ्याच दिवशी घरघर पुन्हा सुरू झाली. मेस्त्री म्हणाला, "सेठ, नवीन आहे, चालून चालून बसेल." आम्ही ऐकले, आणि फसलो. चांगले बेअरिंग पहिल्या दिवसापासून गप्प असते.

आवाज असा ओळखावा. वेगाबरोबर वाढणारी घरघर डावीकडे वळताना अधिक झाली, तर बहुधा उजवे चाक दोषी. वळणावर भार बाहेरच्या चाकावर जातो. रस्ता बदलताच आवाज बदलला, तर टायर पाहावेत. पत्रा घासल्यासारखा आवाज आला, तर डिस्कमागचा पत्रा काम करताना वाकला असेल. तो सरळ करता येतो. फक्त वळतानाच कटकट झाली, तर एक्सलचा जॉइंट तपासावा. चाक हलत असेल, तर गाडी मुळीच चालवू नये.

आमचे बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवले होते. ठोकल्याने गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात. म्हणून बेअरिंग प्रेसवर बसवावे आणि एक्सलचा नट टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या मापानेच आवळावा. मजुरीत वाचवलेले पैसे आम्ही दुसऱ्या बेअरिंगला घातले. ड्रायव्हरचा जीव मात्र आपल्याकडे अमानत असतो. त्यात काटकसर नको.