महाविद्यालयाची निवड : प्रतिष्ठेची की गरजेची?

गेल्या जूनमध्ये भिवंडीतल्या आमच्या वस्तीतला एक यंत्रमाग कामगार आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आला. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती. कला शाखेसाठी दोन महाविद्यालयांत तिला प्रवेश मिळत होता. एक मुंबईतले, दुसरे लांबच्या शहरातले पण वसतिगृहाची सोय असलेले. दोन्ही नावाजलेली. बापाने एकच विचारले, "सर, यातलं मोठं कोणतं?"

शाळामास्तर म्हणून हा प्रश्न मी उभ्या आयुष्यात शेकडो वेळा ऐकला आहे. तो विचारणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो, पण प्रश्नच चुकीचा आहे असे माझे मत आहे. ज्या समाजाने माणसामाणसांतली उतरंड नाकारली, त्यानेच महाविद्यालयांची उतरंड रचावी आणि मग पोराला तिच्या सर्वात वरच्या मडक्यात कोंबावे, हे काही खरे नव्हे. महाविद्यालय मोठे आहे की नाही यापेक्षा ते कोणासाठी आणि कोणत्या परिस्थितीसाठी उभे राहिले, हे पाहिले पाहिजे. मला हे पुस्तकातून कळलेले नाही. १९७९ साली बारावी झाल्यावर माझ्यापुढेही अशीच दोन नावे होती : मुंबईचे सिद्धार्थ आणि औरंगाबादचे मिलिंद.

दोन्ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि जून १९५० मध्ये औरंगाबादला दुसरे महाविद्यालय उघडले, तेच पुढे मिलिंद या नावाने ओळखले जाऊ लागले. संस्थापक एक, ध्येय एक. पण दोहोंची घडण वेगळी. ही घडण समजून घेतली तर निवडीचे अर्धे कोडे सुटते.

सिद्धार्थ हे कमावत्या विद्यार्थ्याला समोर ठेवून उभे राहिले. सकाळचे वर्ग हे त्याचे वैशिष्ट्य होते. सकाळी शिकावे आणि दिवसा नोकरी करावी, हा त्यामागचा हेतू. बाबासाहेब स्वतः एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी, १९१२ साली बी. ए. झालेले. परळच्या चाळीतल्या दाटीत, रात्री दोनच्या सुमारास उठून त्यांनी अभ्यास केला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती नसती तर तेही शिक्षण अडले असते. गरिबाच्या पोराला बुद्धी कमी पडत नाही. त्याला वेळ आणि जागा कमी पडते, हे ज्याने भोगले त्यानेच घड्याळाकडे पाहून महाविद्यालय काढावे, यात मला आश्चर्य वाटत नाही.

मिलिंदची गरज निराळी होती. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात. खेड्यातल्या मुलाला पदवीसाठी दूर हैदराबादेकडे पाहावे लागे. अशा मुलाला शहरात नोकरी नव्हती, नातेवाइकाची खोली नव्हती. त्याला आधी निवारा हवा होता. म्हणून नागसेनवनाच्या मोकळ्या परिसरात महाविद्यालयाबरोबर वसतिगृहेही आली. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तेथल्या इमारतीची कोनशिला बसली. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तर देणारा भिक्खू. ज्यांना शतकानुशतके प्रश्न विचारण्याची बंदी होती त्यांच्या महाविद्यालयाला हे नाव मिळाले, याचा अर्थ उघड आहे.

आता माझे. वडील यंत्रमागावर, आई कांडी भरणारी. मीही अकरावी-बारावीत रात्री कांडी मशीनवर जात असे. भिवंडीतला माग बारा बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालायचा, मजुरी कापडाच्या मीटरवर. घरात मी धरून सहा माणसे आणि खोली एक. गावातच कॉलेज होते. पण या खोलीत राहून अभ्यास होणार नाही हे मला कळून चुकले होते.

कागदावर पाहिले तर सिद्धार्थ माझ्यासाठीच होते. मी कमावता होतो आणि ते कमावत्यांचे कॉलेज. वडिलांनाही तेच पटले होते. "शिक पण, कमव पण," ते म्हणाले. मी मात्र एके दिवशी वहीच्या पाठच्या पानावर हिशेब मांडला. सकाळच्या पहिल्या तासाला फोर्टमध्ये हजर राहायचे, तर पहाटे पाचच्या आत घर सोडायचे. एस. टी.ने ठाणे, तिथून लोकलने व्ही. टी., पुढे पायी. जायला दोन तास, यायला दोन तास. रात्रपाळी केली तर ती सुटायच्या आधीच माझा वर्ग भरलेला असणार. दिवसपाळी करावी तर तीही सकाळीच सुरू होणार. म्हणजे शिक्षणही धड नाही आणि मजुरीही नाही. सकाळचे वर्ग सोयीचे होते ते मुंबईत राहणाऱ्याला आणि मुंबईत कामाला असणाऱ्याला. भिवंडीच्या मागावर राबणाऱ्याला ती सोय नव्हती. दोष महाविद्यालयाचा नव्हता. माझे घड्याळ वेगळे होते.

माझ्या वर्गातल्या एका मित्राने सिद्धार्थच निवडले आणि ते योग्यच केले. नायगावच्या बी. डी. डी. चाळीत त्याचे मामा राहत. मामांनी व्हरांड्यात पथारीपुरती जागा दिली आणि एका कचेरीत शिपायाचे काम लावून दिले. सकाळी वर्ग, साडेदहाला कचेरी, संध्याकाळी ग्रंथालय. शिवाय त्याचा स्वभाव गर्दीत फुलणारा. १९७२ साली मुंबईतच दलित पँथर जन्मली होती. वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह हा तिच्या तरुणांचा अड्डा होता. सभा, मोर्चे, वादविवाद हे त्याच्या दृष्टीने दुसरे महाविद्यालयच होते. मी बुजरा. त्या गर्दीत मी शेवटच्या बाकावर तीन वर्षे तोंड न उघडता काढली असती. मला शिक्षक वर्गाबाहेरही भेटायला हवे होते, आणि रात्री दिवा कोणी मालवणार नाही अशी खोली हवी होती.

पण मिलिंदला आईचा विरोध होता आणि त्याला कारण होते. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या गावोगावच्या दलित वस्त्या पेटल्या. "जळत्या घरात पोर धाडू का?" असे ती म्हणाली. तिला उत्तर देताना मी चळवळीची मोठी भाषा वापरली. आज प्रामाणिकपणे सांगतो, त्या भाषेत निम्मा मोह होता. 'अस्मितादर्श' औरंगाबादेहून निघत होते आणि मलाही लेखक व्हायचे होते. केवळ त्या मोहावर गेलो असतो तर सहा महिन्यांत परतलो असतो. मला टिकवले ते वसतिगृहाने, भारत सरकारच्या शिष्यवृत्तीने आणि बोट धरून प्रश्न विचारायला लावणाऱ्या शिक्षकांनी.

या निवडीची किंमत होती आणि ती मी एकट्याने दिली नाही. कांडी मशीनवरची माझी जागा धाकट्या भावाने घेतली. तो तेव्हा आठवीत होता; नववीनंतर त्याची शाळा सुटली. १९८२ साली मी पदवी घेऊन परतलो, तेव्हा मुंबईत गिरण्यांचा संप चालू होता, भिवंडीत माग रात्रंदिवस धडधडत होते आणि माझा भाऊ तेथे पक्का कामगार झाला होता. पुढे माझ्या पगारातून त्याची मुले शिकली. पण त्याची नववी मला परत देता आली नाही. म्हणून "आपल्याला जुळणारे" असे म्हणताना मी "आपल्याला" या शब्दात घरही धरतो. एकाच्या शिक्षणाचा भार घरातल्या कोणावर पडतो, हे निवडीआधी उघडपणे बोलले गेले पाहिजे. आमच्या घरात ते कोणी बोलले नाही.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनी आणि त्यांना सल्ला देणाऱ्या शिक्षक-कार्यकर्त्यांनी नावाआधी काही गोष्टी तपासाव्यात. फी माफ झाली तरी प्रवास, जेवण, पुस्तके उरतात. शिष्यवृत्ती हाती पडेपर्यंतचे महिने कशावर काढायचे? वसतिगृह आहे की नाही, आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजनेत आपण बसतो का? हवा तो विषय तिसऱ्या वर्षापर्यंत शिकवला जातो का? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते? आपल्या बोलीला न हसता उत्तर देणारे शिक्षक तिथे आहेत का? हे शेवटचे माहितीपत्रकात सापडत नाही. आधीच्या वर्षीच्या आपल्याच मुलामुलींना गाठून विचारावे लागते.

त्या मुलीला मी कोणतेही नाव सांगितले नाही. तिला म्हटले, "बाई, उद्या पहाटे ऊठ. पहिल्या गाडीने मुंबईच्या कॉलेजात जा, दिवसभर थांब, रात्री घरी ये आणि त्यानंतर दोन तास वाचायला बस. वाचता आले तर ते कॉलेज तुझे. पुढच्या आठवड्यात दुसरीकडे जा, वसतिगृहातल्या मुलींशी बोल." बापाला म्हटले, "तिच्याबरोबर तुम्हीही जा. एक दिवसाची मजुरी बुडेल, पण तीन वर्षांचा हिशेब कळेल."

चार दिवसांनी दोघे परत आले. मुलीच्या हातात वही होती आणि तिच्या पाठच्या पानावर वेळा मांडलेल्या होत्या. मोठे कोणते, हे या वेळी बापाने विचारले नाही. त्याने विचारले, "सर, हिच्या धाकट्या भावाचं काय करायचं?" मग आम्ही तिघे त्या प्रश्नावर बोलत बसलो.