गोंडी : एका नावाच्या अनेक बोली

गोंडी ही द्रविड कुळातील दक्षिण-मध्य शाखेची भाषा. नात्याने ती तेलुगूला जवळची, मराठीला नव्हे. 2011 च्या जनगणनेत तिचे भाषक सुमारे 30 लाख नोंदले गेले; ते महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणात पसरलेले आहेत. शेजारच्या गावाची गोंडी सहज कळते, दूरच्या तालुक्याची अडखळत. बैतूलची गोंडी आणि भामरागडची माडिया यांत मात्र एकाचे बोलणे दुसऱ्याला समजणे कठीण जाते. अशा सलग बदलत जाणाऱ्या बोलींना बोलीसाखळी म्हणतात.

या साखळीतला सर्वांत बोलका फरक शब्दारंभीच्या ‘स’चा. मिठाला उत्तर-पश्चिमेकडे ‘सोवोर’ म्हणतात. दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे ‘स’चा ‘ह’ होऊन ‘होवोर’ ऐकू येते, तर डोंगरी माडियात तो ‘ह’ही गळून ‘ओवोर’ उरते. भद्रिराजू कृष्णमूर्ती यांनी 1998 मध्ये या बदलाचा सविस्तर अभ्यास मांडला. हा बदल सगळ्या शब्दांत एकदम झाला नाही, तो एकेका शब्दातून पुढे सरकत गेला, असे त्यांनी दाखवले. भाषा बदलते कशी, हे इतके उघडपणे दाखवणारा नकाशा क्वचितच मिळतो.

व्याकरणाचा सांगाडा मात्र बराचसा समान आहे. ‘तो’साठी ‘वोर’, पण ‘ती’ आणि ‘ते’ या दोहोंना एकच ‘अद’.

गोंडीच्या शेजारी कोलामी ही भाषाही नांदते. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसजवळ वढा येथे वर्धा आणि पैनगंगा मिळतात. वर्धेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात, तसेच दक्षिणेस जिवती-कोरपन्याकडे कोलामी बोलली जाते. कोलाम आणि गोंड पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले असले, तरी कोलामी ही गोंडीची बोली नाही. ती द्रविड कुळाच्या मध्य शाखेतील स्वतंत्र भाषा आहे. मरे एमेनो यांचे तिच्यावरील पुस्तक 1955 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात वर्ध्याकडच्या बोलीची नोंद आहे. या दोन भाषा एकाच ‘आदिवासी बोली’च्या रकान्यात टाकणे ही गंभीर चूक आहे.

राज्यांच्या सीमांनी गोंडीची आणखी वाटणी केली. चंद्रपूरकडे तिच्यात मराठी शब्द शिरले, आदिलाबादकडे तेलुगू, मंडल्याकडे हिंदी. आठव्या अनुसूचीत तिला अजून स्थान नाही. लिपीही एक नाही : मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये तयार केलेली एक, आदिलाबादच्या गुंजाळा गावातील हस्तलिखितांतून पुढे आलेली दुसरी, शिवाय देवनागरी आणि तेलुगू. वेगवेगळ्या राज्यांतील गोंडी भाषकांनी एकत्र बसून सिद्ध केलेला प्रमाण गोंडीचा शब्दकोश 2018 मध्ये प्रसिद्ध झाला.