नाव एक, धनी दोन

प्रिंटर, माऊस, साउंड कार्ड अशा उपकरणांशी संगणकाच्या कार्यप्रणालीचा संवाद घडवून आणणाऱ्या आज्ञावलीस ‘डिव्हाइस ड्रायव्हर’ म्हणतात. ड्रायव्हर आणि त्याचा वापर करणारा प्रोग्रॅम यांनी कोणत्या नावाचा काय अर्थ घ्यायचा, हे ज्या सामायिक फाइलीत लिहिलेले असते ती ‘हेडर फाइल’. ड्रायव्हर बहुधा सी भाषेत लिहिले जातात आणि अडचणीचे मूळ तेथेच आहे. सी भाषेत अशा नावांना आडनाव नसते. दोन हेडर फाइलींनी एकच नाव निरनिराळ्या अर्थाने वापरले आणि त्या एकत्र आल्या, की कंपायलर अडून बसतो.

‘मॅक्रो’ त्याहून उपद्रवी. मॅक्रो म्हणजे कंपायलरने अर्थ लावण्यापूर्वीच होणारी निव्वळ शाब्दिक अदलाबदल. लिनक्समध्ये प्रत्येक उपकरण-फाइलीला दोन क्रमांक असतात. ‘मेजर’ क्रमांक ड्रायव्हर सांगतो, ‘मायनर’ क्रमांक त्या ड्रायव्हरच्या ताब्यातील नेमके उपकरण. हे क्रमांक काढून देणारे याच नावांचे मॅक्रो जीलिबसी या ग्रंथालयाच्या एका सर्रास वापरल्या जाणाऱ्या हेडर फाइलीतून आपोआप आत येत. आवृत्तीचे क्रमांक साठवताना हीच दोन नावे कोणालाही सुचतात. नावापुढे कंस आला, की मॅक्रो ते बदलून टाकी आणि प्रोग्रॅमरने कधी लिहिलेच नव्हते अशा नावाबद्दल तक्रार उमटे! २०१७ च्या २.२५ आवृत्तीत याविषयी इशारा देणे सुरू झाले आणि २०१८ च्या २.२८ आवृत्तीत ही मागची वाट बंद झाली. तिच्यावर विसंबलेल्या जुन्या प्रोग्रॅमना मात्र मूळ हेडर स्वतः जोडून घ्यावी लागली.

विंडोजच्या मुख्य हेडर फाइलीतील ‘मिन’ व ‘मॅक्स’ यांची कथाही अशीच. तेथे ‘नोमिनमॅक्स’ हे नाव आधी घोषित केल्यास ते मॅक्रो टळतात; पण ही मलमपट्टी झाली. चूक हेडर लिहिणाऱ्याची आणि लक्षात ठेवायचे वापरणाऱ्याने.

खरा उपाय हेडर लिहिणाऱ्याच्याच हाती आहे. प्रत्येक नावाआधी ड्रायव्हरचे किंवा यंत्रणेचे नाव जोडावे. लिनक्समध्ये ‘यूएसबी’, ‘पीसीआय’ ही उपपदे त्यासाठीच दिसतात. हेडर दुसऱ्यांदा आत येऊ नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या पहारेकरी मॅक्रोलाही हाच नियम लावावा. दोन फाइलींचा पहारेकरी एकाच नावाचा निघाला, तर दुसरी फाइल मुकाट्याने वगळली जाते आणि फाइल जोडूनही नावे सापडत नाहीत.

नावे वेगळी ठेवूनही एक टक्कर उरते, ती आकड्यांची. प्रोग्रॅम ड्रायव्हरला ‘आयओसीटीएल’ आज्ञा पाठवतो ती एका क्रमांकाच्या रूपाने. दोन ड्रायव्हरांचे क्रमांक सारखे असले तरी कंपायलरला त्याचा पत्ता लागत नाही. चुकीच्या उपकरणाकडे गेलेली आज्ञा तेथे भलताच अर्थ घेऊ शकते. म्हणून लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजात या क्रमांकांची नोंदवही ठेवलेली आहे. तिच्यातही अनेक नोंदींपुढे ‘संघर्ष’ असा शेरा आहेच.